प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांविषयीही लिहावे

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

३ ऑगस्टच्या अवयवदान दिनानिमित्त आपण काढलेले विशेष पान मी दोनदा वाचले. दात्याने अर्ज कुठे भरायचा, मेंदूमृत्यू म्हणजे काय, जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाला मूत्रपिंड देता येते, ही सारी माहिती नेमकी आणि सोप्या भाषेत दिल्याबद्दल आपले आभार. माझे म्हणणे आहे ते त्या पानावरील रुग्णाच्या हकिगतीच्या शेवटाविषयी. शस्त्रक्रिया झाली, रुग्ण घरी आला आणि आता तो चारचौघांसारखे आयुष्य जगतो आहे, अशा अर्थाच्या एका वाक्यात ती हकिगत संपते. माझ्यासारख्याची हकिगत तिथून सुरू होते, आणि वेंगुर्ले तालुक्यातल्या खेड्यात राहून ती कशी चालते हे वाचकांपुढे यावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. सहा वर्षांपूर्वी मुंबईतील एका रुग्णालयात माझ्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. मूत्रपिंड माझ्या पत्नीचे. त्याआधी चौदा महिने मी डायलिसिसवर काढले आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते कुरकुर म्हणून कोणी घेऊ नये. घोटभर पाण्याचा हिशेब ठेवून जगलेल्या माणसाला तांब्याभर पाणी मनसोक्त पिता येणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळते.

प्रत्यारोपणानंतर औषधे जन्मभर घ्यावी लागतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. का घ्यावी लागतात, हे मात्र गावात मला आजही समजावून सांगावे लागते. शरीर दुसऱ्याचा अवयव परका मानते आणि त्याच्यावर चालून जाते. ही चाल मंद ठेवण्याचे काम या गोळ्या करतात. १९५४ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केले ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, म्हणून तेथे अशा औषधांची गरजच पडली नाही. आम्ही पडलो नवरा-बायको. छत्तीस वर्षांचा संसार झाला तरी तिचे मूत्रपिंड माझ्या रक्ताला परकेच वाटणार. म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळांना टॅक्रोलिमस, त्याच्या जोडीला मायकोफेनोलेट, आणि सकाळी प्रेडनिसोलोन. यातले टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळाले, हे वाचले तेव्हा मला उगाचच बरे वाटले होते, कारण मातीशी आमच्या घराण्याचे नाते जुने आहे. आमची गणपतीची चित्रशाळा आहे. वडिलांच्या मागे पन्नासेक गणपतींचे पाट अजून आमच्याकडे येतात, आणि शेवटची आखणी, म्हणजे डोळे, मी स्वतः करतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या गणपतीत हाच हात माझ्या ताब्यात राहिला नाही. कुंचला बुबुळाजवळ नेला की टोक थरथरायचे. चमच्यातली पेज सांडायची, बँकेत सही जुळायची नाही. मला वाटले, कंपवाताची सुरुवात झाली. घरच्यांना वाटले, मी खचलो आहे. डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या इंग्रजी कागदात या औषधाने हाताला कंप सुटू शकतो असे छापलेले होते, पण इतर पंचवीस दुष्परिणामांच्या ओळीत तो शब्द कुठेतरी दडलेला होता आणि तो आम्हाला कोणी बोट ठेवून दाखवला नव्हता. त्या वर्षीचे डोळे पुतण्याने काढले. लोकांनी नावाजले, आणि मी त्या रात्री पत्नीशीही बोललो नाही.

पुढच्या तपासणीला मुंबईच्या डॉक्टरांना हात दाखवला, तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत उलगडा केला. गोळी घेतल्यावर साधारण एक ते तीन तासांत रक्तातले औषध सर्वांत वर चढते आणि कंप तेव्हा अधिक असतो. पहिल्या काही महिन्यांत मात्राही मोठी असते, ती पुढे टप्प्याटप्प्याने उतरते. घरी येऊन मी वेळापत्रकच बदलले. सकाळी मातीकाम, दुपारी रंगाचे हात, आणि डोळ्यांची आखणी संध्याकाळी पाच ते सात या वेळात, म्हणजे सकाळच्या गोळीचा जोर ओसरलेला आणि रात्रीची गोळी अजून पोटात गेलेली नाही अशा फटीत. गेली पाच वर्षे डोळे पुन्हा मी काढतो आहे. कंप पूर्ण गेलेला नाही, पण तो कधी येतो आणि कधी जातो हे मला माहीत आहे. दुष्परिणाम सोसणे आणि दुष्परिणामाची वेळ ओळखून त्याच्या बाजूने वाट काढणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर पार करायला मला एक अख्खे वर्ष लागले, ते केवळ जवळपास विचारायला कोणी नव्हते म्हणून.

दुसरी गोष्ट लेव्हलची. टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण फार अरुंद पट्ट्यात ठेवावे लागते: कमी झाले तर शरीर अवयव नाकारते, जास्त झाले तर ज्या मूत्रपिंडासाठी हे औषध घ्यायचे त्यालाच ते इजा करते. म्हणून ठरावीक काळाने 'लेव्हल' तपासतात, आणि त्यासाठीचे रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, काढावे लागते. आमच्याकडचे नमुने मुंबईला जातात. एकदा नमुना घेणाऱ्या मुलाने मला निरोप दिला की, गोळ्या वगैरे घेऊन, नाश्ता करून आरामात दहाला या. मीही त्या दिवशी विचार न करता तसाच गेलो. अहवालात आकडा अठराच्या वर. एरवी माझा सहा-सातच्या घरात असतो. तो आकडा खरा धरून मात्रा निम्मी केली असती, तर काय झाले असते याची कल्पनाही मला नको वाटते. डॉक्टरांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, 'गोळी किती वाजता घेतली होती?' म्हणून निभावले. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कोणी शिकवलेच नव्हते, आणि नमुन्याच्या कागदावर गोळीची वेळ लिहायला रकानाही नव्हता.

आता पपनसाविषयी, कारण कोकणातल्या वाचकांना ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. औषधाच्या पत्रकात ग्रेपफ्रूट खाऊ नये असे छापलेले असते. ग्रेपफ्रूट आमच्या बाजारात कोणी पाहिलेले नाही, त्यामुळे ही सूचना आपल्यासाठी नव्हेच असे समजून आम्ही पुढे जातो. पण पपनस हे त्याच कुळातले, किंबहुना ग्रेपफ्रूटच्या दोन जन्मदात्यांपैकी एक, आणि चतुर्थीला आमच्या घरोघर गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला नारळ, कवंडळ, सुपारीच्या शिपट्याबरोबर तेच तोरंजन म्हणून टांगलेले असते. विसर्जनानंतर माटवी उतरवली की ती फळे घरातच संपतात. शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या वर्षी मी आठवडाभर रोज जेवणानंतर पपनसाच्या चार-सहा फोडी खात होतो. हाताचा कंप वाढला, डोके दुखू लागले, आणि तपासणीत लेव्हल तेरावर, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य, १.३ वरून १.७ वर गेलेले. आतड्याच्या अस्तरात या औषधाचा काही भाग मोडून टाकणारे एक विकर (एन्झाइम) असते. या फळांतील द्रव्ये ते बंद पाडतात आणि मग औषध एरवीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात उतरते. फळ खाणे थांबवल्यावरही परिणाम लगेच जात नाही. माझा आकडा जागेवर यायला दोन आठवडे गेले. संत्रे-मोसंबीला माझ्या डॉक्टरांची हरकत नाही. परसातल्या करमळाला, म्हणजे स्टारफ्रूटला, मात्र आहे. ते आंबट फळ मूत्रपिंडाच्या रुग्णांना विषासारखे बाधू शकते, आणि आमच्याकडे त्याचे लोणचे आवडीने घालतात.

प्रेडनिसोलोनचे दुष्परिणाम डोळ्यांना दिसणारे, म्हणून लोकांच्या तोंडी येणारे. माझा चेहरा पहिल्या तीन महिन्यांत पुरणपोळीसारखा गोल झाला. बाजारात भेटेल तो म्हणे, 'गुर्जी, तब्येत बरी सुदारली हा तुमची!' भूक इतकी की रात्री दोन वाजता उठून मी थंड भाकरी शोधत असे. साखर वाढली, आणि ती टॅक्रोलिमसमुळेही वाढते, असे नंतर कळले. हापूसच्या मोसमात आता माझ्या वाट्याला अर्धा आंबा येतो आणि तोही नातवंडांच्या करड्या नजरेखाली. माझ्या वयाच्या माणसाला हे हसण्यावारी नेता येते.

बावीस वर्षांच्या मुलीला ते नेता येत नाही. मुंबईच्या बाह्यरुग्ण विभागात देवगडकडची एक मुलगी आमच्या बरोबरीने तपासणीला येत असे. मूत्रपिंड वडिलांनी दिलेले. चेहरा सुजला, गालांवर पुटकुळ्या आल्या, केस विंचरताना पुंजके निघू लागले, आणि घरात तर तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू झालेले. तिने कोणाला न सांगता प्रेडनिसोलोन बंद केले आणि टॅक्रोलिमसची रात्रीची गोळी गाळू लागली. महिना-दोन महिने काहीच झाले नाही. लघवी नेहमीसारखी, अंगात ताप नाही, चेहरा उतरू लागलेला, म्हणजे वरवर पाहता तिचा निर्णय बरोबरच ठरत होता. या आजाराचा सगळ्यात मोठा कावा हाच आहे की, अवयव नाकारला जात असताना बहुतेक वेळा काही दुखत-खुपत नाही. सांगते ते फक्त रक्त. नेहमीच्या तपासणीला क्रिएटिनिन चारच्या वर आले तेव्हा उशीर झाला होता. आज ती पुन्हा डायलिसिसवर आहे. नंतर डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितले की प्रेडनिसोलोनची मात्रा ते पुढच्या काही भेटींत उतरवणारच होते, चेहरा बराचसा आपोआप उतरला असता, केसांसाठीही औषधांत फेरबदल करता येण्याजोगा होता. हेच पहिल्या महिन्यात तिला समोर बसवून सांगितले असते तर? तिला नादान म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. मला तसे म्हणवत नाही. पुढे तिला मूल हवे झाले असते तर मायकोफेनोलेट गर्भाला घातक असते, ते आधीच बदलून घ्यावे लागते, हेही तिला माहीत नव्हते. आणि लग्नाच्या वयाच्या मुलीला ते कोणी सांगितले नव्हते, ही चूक तिची खचितच नव्हे.

आमच्या पावसाळ्याचे म्हणून काही वेगळे प्रश्न आहेत, ते शहरातल्या डॉक्टरांना सांगूनही पुरते उमगत नाहीत. जून-जुलैत जुलाब होणे ही इथे नवलाईची गोष्ट नाही. मायकोफेनोलेटनेही जुलाब होतात, त्यामुळे दोष विहिरीच्या पाण्याचा की गोळीचा हे कळत नाही; आणि जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल उतरेल असे आपल्याला वाटते, ती प्रत्यक्षात चढते, आणि अंगातले पाणी कमी झाल्याने मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो. मी आता दुसऱ्या दिवशी जुलाब थांबले नाहीत तर फोन करतो, घरचे उपाय चालू ठेवून वाट पाहत नाही. ओलसर कपड्यांमुळे गजकर्ण झाले म्हणून एका डॉक्टरांनी मला बुरशीवरच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल या जातीची औषधे टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढवतात. खोकल्यासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिनही तेच करते. उलट क्षयावरचे रिफॅम्पिसिन ते धाडकन खाली आणते. गुडघेदुखीसाठी सर्रास दिले जाणारे डायक्लोफिनॅक तर मूत्रपिंडालाच नको असते. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांपुढे रोज शे-दीडशे रुग्ण असतात. आपण तोंड उघडले नाही तर त्यांना कसे समजणार? मी तरी खिशात गोळ्यांची यादी लॅमिनेट करून ठेवतो आणि नाडी बघायला हात पुढे करण्याआधी ती पुढे करतो.

तापाची गोष्ट याहून गंभीर आहे. प्रेडनिसोलोनमुळे ताप दबलेला राहू शकतो, आणि लावणीच्या दिवसांत लेप्टोची, म्हणजे शेतातल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, धास्ती आमच्या जिल्ह्याला नवी नाही. म्हणून शेतात उतरणे मी सोडून दिले आहे, आणि बांधावर उभा राहून सूचना देणारा म्हणून भावकीत थोडा बदनामही झालो आहे. कच्ची किंवा अर्धवट उकडलेली कालवे बंद, पाणी उकळून, उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, कारण या औषधांवर असलेल्यांत कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. खर्चाचे मी थोडक्यात सांगतो: माझा महिन्याचा औषधांचा खर्च पेन्शनचा मोठा भाग खातो, आणि एक कंपनी संपली म्हणून मेडिकलवाला दुसऱ्या कंपनीचे टॅक्रोलिमस पुढे सरकवतो तेव्हा ते न घेता मी तसाच परततो, कारण कंपनी बदलली तर लेव्हल पुन्हा तपासावी लागते. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरच्या औषधांसाठी महिना १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. तिच्यासाठी कागद कुठे आणि कसे द्यायचे, हे सांगणारे माणूस आमच्या ओळखीतल्या एकाही गरजू कुटुंबाला भेटले नाही.

२०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली आणि आठवड्यातून दोन-तीनदा गोव्यातले बांबोळी किंवा कोल्हापूर गाठणाऱ्या अनेकांचा जीव वाचला, हे मी स्वतः पाहिले आहे. प्रत्यारोपण झालेला माणूस मात्र घरी आला की जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेच्या लेखी बरा झालेला असतो. सिंधुदुर्गनगरी आणि रत्नागिरी या दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांनी महिन्यातून एक दिवस तरी अशा रुग्णांसाठी ठेवावा, त्या सकाळी गोळीपूर्वीचे रक्त व्यवस्थित वेळ नोंदवून घेतले जावे आणि मुंबईच्या डॉक्टरांशी ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून तिथल्या तिथे बोलता यावे, एवढेच माझे मागणे आहे. यासाठी नवी इमारत लागत नाही आणि उद्घाटनाला कोणाला बोलवावेही लागत नाही. आणि एक कागद मराठीत छापावा. त्यात ग्रेपफ्रूटच्या जागी पपनस असावे, गजकर्णाच्या गोळ्यांची आणि दुखण्यावरच्या इंजेक्शनची नावे असावीत, जुलाब आणि ताप आल्यास किती तासांत कोणाला फोन करायचा ते ठळक अक्षरांत असावे, आणि अगदी वर, 'कोणतीही गोळी स्वतः बंद करू नका, त्रास सांगा, पर्याय असतो' असे लिहिलेले असावे. तो मसुदा तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून द्यावा. मराठी शुद्धलेखन मी फुकट तपासून देईन, चाळीस वर्षे तेच केले आहे.

आपल्या पुढच्या वर्षीच्या विशेष पानात अर्धा स्तंभ या विषयाला मिळावा ही विनंती. प्रत्यारोपणानंतर पाच-दहा वर्षे काढलेले रुग्ण आमच्या दोन जिल्ह्यांतही आहेत. आपल्या प्रतिनिधीने विचारल्यास बोलायला ते तयार होतील, निदान मी तरी आहे. फक्त सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान माझ्याकडून काही लिहून घेऊ नये. हे पत्रही दोन संध्याकाळी बसून लिहिले आहे, आणि आता सात वाजत आले असून चौथऱ्यावर तीन गणपती डोळ्यांवाचून थांबले आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग